काकांच्या मेलची पोच

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या घरात रोज सकाळी बातम्या दोनदा व्हायच्या. पहिल्या खाली, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. दुसऱ्या वर, जिना संपतो तिथल्या कपाटाच्या दारात. या दुसऱ्या बातम्या घरमालक स्वतः द्यायचे. अंगात लोकरीचं जाकीट, हातात चहाचा मग, आणि आवाज एकदम सपाट.

"नॉटिंगहॅमला गेलेली मेल स्वीकारली. लेस्टरला गेलेली मेल तात्पुरती नाकारली. रेडिंगच्या डॉक्टरांना गेलेली मेल कारण न देता परत आली. बातम्या संपल्या."

मग ते कपाटाचं दार लावून खाली यायचे आणि टोस्टला लोणी लावायला बसायचे. मी वर्तमानपत्राच्या कचेरीकडून कामासाठी तिकडे गेलेली. त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिले, म्हणून हे वार्तापत्र मला रोज फुकट ऐकायला मिळालं. ते मला 'वार्ताहर' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे. सगळेच म्हणायचे.

कपाटात एक जुना संगणक होता. त्यावर लिनक्स ही प्रणाली घालून काकांनी घराचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला होता. बाकीचं जग मेल पाठवायला एखाद्या मोठ्या कंपनीचं खातं वापरतं. काकांची मेल काकांच्या कपाटातून निघायची. येणाऱ्या मेलची कधी तक्रार नव्हती. जाणारी मेल ही त्या घराची कायमची दुखणाईत व्यक्ती होती. तिची चौकशी नातेवाईकही करत.

त्या कपाटात आणखी एक गोष्ट असायची, ती म्हणजे दह्याचं पातेलं. पूर्वी तिथे गरम पाण्याची टाकी होती आणि काकू टाकीशेजारी विरजण लावत. नवा बॉयलर बसवल्यावर टाकी गेली, कपाट गार पडलं आणि त्या हिवाळ्यात दही लागेना. एका रविवारी काकांनी खालच्या खोलीतला सर्व्हर उचलून कपाटात नेला. "वायरिंगच्या दृष्टीने ही जागा बरी," असं कारण दिलं. दुसऱ्या दिवशीपासून दही लागायला लागलं. या दोन घटनांचा संबंध त्यांनी कधी मान्य केला नाही. काकूंनीही कधी विचारला नाही. सर्व्हर बंद करायचा झाला तर काका आधी जिन्यावरून हाक मारायचे, "अगं, आज विरजण आहे का?"

पोच हा त्यांचा हट्ट होता. काकूंनी खालून "जेवायला या" म्हटलं की वरून "पोचलं!" असं उत्तर यायचं, आणि ते येईपर्यंत काकू पानं वाढत नसत. आठवड्याभरात मलाही ती सवय लागली. कोणी मीठ मागितलं तरी मी "पोचलं" म्हणायचे. पुढे ऑफिसातही एकदा तोंडून गेलं.

मेल सर्व्हर एकमेकांना आकड्यांत उत्तरं देतात. दोनशेच्या घरातलं उत्तर म्हणजे घेतली. चारशेचं म्हणजे आत्ता नाही, नंतर या. पाचशेचं म्हणजे पुन्हा येऊ नका. काका हीच मोजणी माणसांना लावायचे. शेजाऱ्याला कुंपणाची वाढलेली हेज कापायला सांगितलं, तो "लेट मी थिंक अबाउट इट" म्हणाला, तर काका घरात येऊन सांगायचे, "चारशे." कौन्सिलने गाडी लावायच्या जागेचा अर्ज फेटाळला तेव्हा दारातूनच, "पाचशे." नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात काम करणारी मुलगी या वीकएंडला येते म्हणाली आणि आली नाही, तर काकू तिच्यासाठी काढलेलं पान परत ठेवायच्या. काका म्हणायचे, "चारशे आहे गं. चारशेला पुन्हा प्रयत्न करायचा असतो. नियमच आहे तसा."

एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला आयुष्यात सगळ्यात वाईट पाचशे कुठला मिळाला?"

त्यांनी लगेच सांगितलं. प्रश्नाची वाटच बघत असावेत. ते ब्रॅकनेलच्याच एका कंपनीत मेल सांभाळायचे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरून स्वतःच्याच ऑफिसच्या पत्त्यावर एक ओळ पाठवली. काय वाटलं म्हणून पाठवली, ते त्यांनी सांगितलं नाही. चहा ओतेपर्यंत उत्तर आलं: या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती नाही.

"तो सर्व्हर मीच उभा केला होता," काका म्हणाले. "उत्तर अचूक होतं. वेळेत होतं. मला अभिमान वाटला." मग टोस्टचा तुकडा मोडत म्हणाले, "दुपारी जाऊन हा संगणक आणला."

काका मंडळाचे चिटणीस होते. मंडळ म्हणजे त्या भागातल्या महाराष्ट्रीय बौद्ध कुटुंबांचं. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन वर्षातून चार-पाच कार्यक्रम व्हायचे आणि त्यांची निमंत्रणं काकांच्या कपाटातून निघायची. सर्व्हरमध्ये काही दुरुस्ती केली की काका सगळ्या सभासदांना एक चाचणी पाठवायचे. मजकूर ठरलेला: "सप्रेम जय भीम. ही चाचणी आहे. कृपया पोच द्यावी." दुरुस्ती जवळजवळ रोजच असायची.

भानगड झाली ती बुद्धपौर्णिमेला. शाळेत रंगकाम निघालं म्हणून कार्यक्रम दुसऱ्या हॉलमध्ये हलवला. काकांनी सगळ्यांना तशी मेल पाठवली, सर्व्हरने "सर्व मेल स्वीकारल्या" असं सांगितलं आणि काका निश्चिंत झाले. कार्यक्रम निम्मा झाला तरी खीर आली नाही. खीर आणणारं वयस्क जोडपं जुन्या शाळेच्या कुलूपबंद गेटाशी पातेलं घेऊन उभं होतं. वरून पाऊस. आजोबांनी छत्री खिरीवर धरली होती, आजीबाई भिजत होत्या. त्यांची मेल स्पॅममध्ये पडली होती. स्पॅम म्हणजे नको असलेल्या मेलींचा अडगळीचा कप्पा, जिथे कोणी बघत नाही. मग चौकशी केली तर निम्म्याहून जास्त लोकांना बदल कळला होता तो फोनाफोनीतून. त्या सगळ्यांची मेल अडगळीत.

पुढच्या बैठकीत खजिनदार उभा राहिला. इथेच जन्मलेला, ब्रॅकनेलमध्ये आयटीत काम करणारा, अतिशय नम्र मुलगा. नम्रपणे मान कापतात तशा आवाजात म्हणाला, "काका, आय रिस्पेक्ट यू सो मच. पण लोकांना मेल मिळत नाही. आपण मंडळाचं सगळं एका फ्री सर्व्हिसवर टाकू. दहा मिनिटांचं काम आहे. तुमचा लोड पण कमी होईल."

"मला लोड नाही," काका म्हणाले.

"ओके, मग मध्ये एक रिले घेऊ. तुम्ही मेल त्या कंपनीला द्यायची, ते पुढे पाठवतील. त्यांना सगळे ओळखतात."

"मध्ये कोणी नको."

शेवटी असं ठरलं की ऑक्टोबरमधल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं निमंत्रण काकांच्या सर्व्हरवरूनच जाईल. सगळ्यांना नीट मिळालं तर सर्व्हर राहील. नाही मिळालं तर मंडळ दुसरीकडे जाईल. मंडळ गेलं की त्या कपाटातून मेल पाठवायला काका आणि दही एवढेच उरणार, हे सगळ्यांना कळत होतं. काका म्हणाले, "मान्य." आणि मग, सवयीने, "पोचलं."

घरी येताना गाडीत मी त्यांच्या शेजारी होते. सिग्नलला थांबल्यावर, समोर बघतच म्हणाले, "आमच्या वस्तीत पोस्टमन यायचा नाही. आमची पत्रं तो वेशीजवळच्या दुकानात टाकायचा. दुकानदार ती फोडून वाचायचा. वाईट माणूस नव्हता. 'तुझ्या भावाला नोकरी लागली रे' असं दुकानात चारचौघांसमोर सांगायचा आणि मग पत्र फळीवर ठेवायचा. हातात नाही द्यायचा. फळीवर." सिग्नल हिरवा झाला. "रिले म्हणतो हा. पोरगा चांगला आहे. पण मध्ये कोणी नको."

त्या उन्हाळ्यात काकांनी जाणाऱ्या मेलचा एकेक सांधा तपासला. पहिला प्रश्न ओळखीचा होता. मेल घेणारा सर्व्हर आलेल्याचा पत्ता बघून, या पत्त्यावर कोण राहतं, असं उलट विचारतो. काकांच्या पत्त्याला विचारलं की ब्रॉडबँड कंपनीने दिलेलं एक आकड्यांचं लांबलचक नाव यायचं. म्हणजे मेल म्हणते मी अमक्यांची, आणि दार म्हणतं इथे भाडेकरू राहतात. ते नाव बदलून मिळावं म्हणून काकांनी हेल्पलाइन धरली. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे ती मालिका आम्ही सगळे ऐकत होतो.

"सर, तुम्ही राउटर ऑफ करून परत ऑन केलात का?" पलीकडची मुलगी इंग्रजीत विचारायची.

"मॅडम, माझा राउटर ठणठणीत आहे. माझं नाव चुकीचं आहे."

"ओके. तुमचं नाव काय आहे, सर?"

"माझं नाही. माझ्या पत्त्याचं."

"तुम्ही घर बदललंय का, सर?"

"नाही. मी तिथेच आहे. जगाला वाटतं की मी दुसरा कोणीतरी आहे."

मग ती मुलगी फार हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमच्याबरोबर घरी कोणी आहे का?"

काकू गॅसपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण काकांनी पिच्छा सोडला नाही. ते त्या मुलीचंच नाव घेऊन फोन करत राहिले, तिला प्रत्येक वेळी उलट्या नावाचा थोडा थोडा पाठ देत गेले आणि जुलै संपता संपता नाव बदलून मिळालं. तिनेच फोन करून सांगितलं. काका म्हणाले, "दोनशे पन्नास!" ती म्हणाली, "थँक यू, सर," कारण तोवर तिलाही आकडे कळायला लागले होते.

मग त्यांनी मेलवर सर्व्हरची सही घातली, कपाटातून कोणाकोणाला मेल पाठवायची परवानगी आहे ते जाहीर केलं. बदनाम पत्त्यांच्या याद्यांमध्ये आपला पत्ता नाही ना, याचीही खात्री केली. सगळं चोख झालं. आणि मेल तरीही अडगळीतच जात राहिली. परत आली असती तर कारण सांगितलं असतं. ती आत घेतली जायची आणि नाहीशी व्हायची. सकाळच्या बातम्यांना दुखवट्याचा सूर आला. "सर्व मेल स्वीकारल्या," काका वाचायचे, आणि "बातम्या संपल्या" म्हणायच्या आधी थोडे थांबायचे. चाचण्या दिवसाला दोन झाल्या.

मुलगी एका शनिवारी नॉटिंगहॅमहून आली. तिने काकांना समोर बसवलं आणि तिच्या इथल्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा, सीरियसली. तुम्ही नॉर्मल मेल का नाही वापरत? सगळी लोक वापरतो."

"ही नॉर्मलच आहे. बाकीचे बिघडलेत."

"तुम्ही एवढा स्ट्रेस घेतला ना, तर मी तो बॉक्स स्वतः बंद करेन."

"मग दही?" काकू पटकन बोलून गेल्या. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात दही आणि सर्व्हर यांचं नातं मोठ्याने उच्चारलं गेलं ते तेवढ्या एकाच वेळी.

उलगडा झाला तो शाळेच्या हॉलच्या स्वयंपाकघरात. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाचे, रविवार चालू होते. हॉलमध्ये वाचन संपलं होतं, काका खुर्च्या एकावर एक रचत कोणाला तरी उलट्या नावाचं महत्त्व समजावत होते, आणि आत आम्ही सात-आठ जणी भांडी आवरत होतो. खिरीच्या आजीबाईही होत्या.

एकीचा फोन वाजला. तिने पाहिलं, अंगठ्याने काहीतरी केलं आणि फोन परत ठेवला.

"काकांची चाचणी?" दुसरीने हळूच विचारलं.

"हो. इथे येताना पाठवली असेल. एखादी अजून वर येतेच, मी आपली स्पॅमचं बटण दाबते. सरळ नाहीशी होते, बघावं लागत नाही."

"अय्या, तू पण? मला वाटलं मी एकटीच."

"सांगणार कसं गं? एवढे मोठे आहेत. पाठवू नका म्हणायचं का तोंडावर?"

"आमचे हे पण तेच करतात. आणि वर फोन करून सांगतात, पोचली काका, पोचली!"

हशा पिकला आणि मग अर्ध्यातच विरला, कारण काकू तिथेच होत्या. त्या पातेलं पुसत होत्या. पुसत पुसतच म्हणाल्या, "हे वरून पाठवतात. मी खाली बसून तेच बटण दाबते. माझ्या फोनवर नातवंडांचे फोटो मावत नाहीत यांच्या चाचण्यांनी."

तेवढ्यात खजिनदार चहाचे कप ठेवायला आत आला होता. तो दारातच थांबला. "वेट. तुम्ही सगळ्यांनी 'रिपोर्ट स्पॅम' दाबलं?"

"म्हणजे काढून टाकलं," काकू म्हणाल्या.

"नाही, काकू. काढून टाकणं वेगळं. ही कम्प्लेंट असते. हा माणूस मला त्रास देतो, अशी. मेल कंपनीकडे जाते. खूप लोकांनी केली की कंपनी त्या माणसाची सगळी मेल स्पॅममध्ये टाकते. सगळ्यांची."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. "मी यांची तक्रार केली?"

"एव्हरी डे, काकू."

बाहेर हॉलमध्ये काकांचा आवाज ऐकू येत होता: "... तर पत्ता आणि नाव जुळलं पाहिजे, ही पहिली अट."

मला त्या क्षणी खजिनदाराचं कौतुक वाटलं. तो गप्प राहिला असता तर ऑक्टोबरमध्ये आपोआप जिंकला असता. त्याने कप सिंकमध्ये ठेवले, हात पुसले आणि म्हणाला, "ओके. एव्हरीबडी, फोन काढा."

काकूंनी दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. खजिनदार एकेकीकडे गेला. अडगळीच्या कप्प्यात शिरायचं, काकांच्या मेली निवडायच्या, 'हे स्पॅम नाही' असं दाबायचं, मग काकांचा पत्ता ओळखीच्यांत घालायचा. खिरीच्या आजीबाईंनी चष्मा लावून स्वतः दाबलं. दाबताना म्हणाल्या, "माफ करा हो," फोनलाच. काकूंच्या फोनवर एवढ्या चाचण्या निघाल्या की खजिनदार म्हणाला, "काकू, धिस इज इम्प्रेसिव्ह." काकू म्हणाल्या, "तू गप दाब." मग बायकांनी नवऱ्यांना एकेक करून आत बोलावलं. निमित्त चहाचं. ते चहा न घेता बाहेर गेले. काकांना काही सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं.

निमंत्रण निघालं ते ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी. काकांनी दाढी केली होती. लोकरी जाकिटाऐवजी कोट घातला होता. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, काकू खाली, फोन कणकेच्या परातीशेजारी.

"पाठवतोय," वरून आवाज आला.

काकूंचा फोन वाजला. त्यांनी पिठाच्या बोटाने उघडला. मेल समोरच होती, अगदी वर. शेवटची ओळ नेहमीचीच: "कृपया पोच द्यावी."

"पोचलं!" काकू ओरडल्या. इतक्या मोठ्याने की शेजारचा कुत्रा भुंकला.

मग पोच यायला लागली. पूर्वी लोक फोन करून सांगायचे. या वेळी सगळ्यांनी मेलीलाच उत्तर दिलं. मनातली अपराधी भावनाही असेल. "सप्रेम जय भीम काका, पोचली." "सप्रेम जय भीम, छान पोचली." खिरीच्या आजोबांनी तर परिच्छेद लिहिला. फक्त सगळ्यांनी उत्तर देताना 'सर्वांना' असं दाबलं. एकट्या काकांना पोच द्यायची आणि बाकीच्यांना कळू नये, हे कोणालाच बरं दिसलं नसावं. त्यामुळे प्रत्येक पोच कपाटात यायची आणि तिथून सगळ्या सभासदांना जायची. त्यातले काहीजण त्या पोचीचीही पोच देत होते.

खजिनदाराचा फोन आला. स्पीकरवर. "काका, कन्ग्रॅच्युलेशन्स, यू वॉन. सगळ्यांना इनबॉक्समध्ये मिळाली. सर्व्हर राहतोय. पण प्लीज लोकांना सांगा, रिप्लाय ऑल थांबवा."

"सांगतो. सगळ्यांना एक मेल टाकतो."

"नो! काका, नो!"

पण तोवर कपाटातल्या संगणकाच्या आवाजाची लय बदलली होती. काका दारात वाकून वाचत होते. आम्ही दोघी खाली वाट बघत होतो. शेवटी ते जिना उतरून आले. कोटाचं बटण काढलं, खुर्ची ओढली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"चारशे."

"अगं बाई. परत?"

"मोठ्या कंपनीने दार लावलंय. म्हणतात, तुमच्या पत्त्यावरून फार मेल येतायत, थोड्या वेळाने या." त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, परत घातला. चेहरा नेहमीसारखाच सपाट ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण ओठ ऐकत नव्हते. "लोक फार लिहितायत आपल्याला."

काकूंनी त्यांच्यासमोर वाटी ठेवली. वरच्या कपाटातलं, त्या सकाळचं दही. चमचा उभा राहील इतकं घट्ट लागलं होतं.

"पोचलं," काका म्हणाले.